मापाची साक्ष

आपल्या मराठी भाषेनें मनुष्याचें अंतरंग नेमकें कोठें ठेवलें आहे, असा प्रश्न कोणी केला तर पुष्कळ जण 'हृदयांत' असें उत्तर देतील. परंतु रोजच्या बोलण्याकडे लक्ष दिलें तर हें उत्तर पुरतें खरें नाहीं असें दिसून येईल. जो मनांतलें बोलत नाहीं त्याच्या पोटांत एक आणि ओठांत एक असतें. जो क्षमाशील असतो तो दुसऱ्याचे अपराध पोटांत घालतो. कळवळ्यानें बोलणारा पोटतिडिकीनें बोलतो. कोणाचें गुपित काढावयाचें असेल तर त्याच्या पोटांत शिरावें लागतें. आणि सर्व जगांत जें आपलें सर्वांत जवळचें, त्या अपत्याला आपण पोटचें मूल म्हणतों. पोट म्हणजे केवळ अन्नाची पिशवी नव्हे, तें माणसाचें गुह्य होय, असेंच जणूं आपल्या पूर्वजांनीं धरलें होतें.

या पोटांत शिरणें ही आजवर केवळ लाक्षणिक क्रिया होती. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ती अक्षरशः शक्य झाली आहे. सोनोग्राफीचें यंत्र कातडीला ओरखडाही न काढतां पोटांत शिरतें आणि तेथें काय चाललें आहे तें पडद्यावर दाखवितें. त्यामुळें एक जुनाच प्रश्न नव्या रूपानें आपल्यापुढें आला आहे. दुसऱ्याच्या आंत जें दिसतें त्यावरून त्याच्याविषयीं आपणांस काय जाणतां येतें, आणि जें जाणलें त्याच्या बळावर त्याच्याशीं कसें वागण्याचा अधिकार आपणांस पोंचतो, हा तो प्रश्न. त्याचा विचार करण्यासाठीं या यंत्राचा एक लहानसा, बहुतेकांच्या कानांवर न आलेला उपयोग मीं येथें घेतला आहे. पोटाच्या सर्वांत आंतल्या स्नायूचें काम मोजणें हा तो उपयोग होय.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांच्या पलीकडचा ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं. वैद्यकांत वापरतात तो ध्वनि त्याहून कितीतरी वरचा, सेकंदाला कित्येक लाख कंपनांचा असतो. कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां वीज उत्पन्न होते, हें प्येर क्यूरी आणि त्यांचे बंधु झाक यांनीं १८८० मध्यें दाखवून दिलें. याच गुणाचा उलट उपयोग केला, म्हणजे स्फटिकाला वीज दिली, तर तो कंप पावतो आणि ध्वनि उत्पन्न होतो. असा ध्वनि शरीरांत सोडावयाचा, स्नायु, चरबी, अस्थि यांच्या सीमांवर आपटून त्याचे जे प्रतिध्वनि परत येतात ते टिपावयाचे, आणि त्यांना लागलेल्या वेळावरून सीमा किती खोल आहे याचा हिशेब करावयाचा, एवढेंच या यंत्राचें तत्त्व आहे. मऊ मांसांतून ध्वनि सेकंदाला सुमारें १,५४० मीटर जातो असें धरून हा हिशेब होतो. ग्लासगो येथील इयन डोनल्ड व त्यांचे सहकारी यांनीं या रीतीनें पोटांतील गांठी पाहून तो निबंध १९५८ मध्यें 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध केला, आणि तेथपासून वैद्यकाला हा नवा डोळा लाभला. परंतु खरें पाहतां हा डोळा नव्हे, कान आहे. पडद्यावर दिसतें तें छायाचित्र नसून प्रतिध्वनींवरून रचलेला नकाशा असतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां तो स्नायु. पोटाच्या दोन्ही कुशींना स्नायूंचे तीन पडदे एकाखालीं एक असे असतात. वरच्या दोहोंचे धागे तिरपे, परस्परांना छेदणारे. सर्वांत आंतल्याचे आडवे. हा आंतला पडदा मागें कण्याजवळच्या बळकट आवरणाशीं जोडलेला असून पुढें पोटाभोंवतीं येतो. कंबर कसणें हा वाक्प्रचार ज्यानें प्रथम योजिला त्याला शरीरशास्त्र ठाऊक नसेल; परंतु हा स्नायु शब्दशः कंबर कसतो. १९९६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठाचे पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनीं एक मोठा मौजेचा शोध प्रसिद्ध केला. निरोगी मनुष्य हात वर उचलतो तेव्हां हात हलण्याच्याही आधीं हा पोटांतला स्नायु जागा होतो, जणूं काय येणाऱ्या ओझ्याची वर्दी त्याला अगोदरच लागलेली असते. ज्यांना कंबरदुखीचा जुना त्रास होता अशा लोकांत मात्र तो उशिरा जागा होतो असें त्यांना आढळलें. यासाठीं त्यांनीं केसासारख्या बारीक तारा सुईनें थेट स्नायूंत घातल्या होत्या. प्रयोगशाळेंत हें ठीक; परंतु रोजच्या रोज रोग्याच्या पोटांत सुई कोण खुपसणार, आणि कोण खुपसून घेणार? म्हणून फिजिओथेरपीच्या शास्त्रानें सोनोग्राफीकडे धांव घेतली. स्नायु आकसला म्हणजे जाड होतो. तेव्हां विश्रांतींतील त्याची जाडी मोजावी, काम करतांनाची मोजावी, आणि दोहोंतील फरकावरून त्यानें किती काम केलें तें ठरवावें, अशी ही युक्ति आहे. हा सारा व्यवहार मिलिमीटरांचा आहे. स्वस्थ पडलेल्या माणसांत या स्नायूची जाडी साधारणतः तीन-चार मिलिमीटर असते, आणि पोट हळूच आंत ओढल्यावर ती कांहीं जणांत दीडपट होते.

एवढ्याशा फरकाशीं साहित्याच्या वाचकांस काय कर्तव्य आहे, असें कोणी विचारील. मी राहतों त्या मिरा-भाईंदरकडे पाहिलें म्हणजे याचें उत्तर मिळतें. २०११ च्या जनगणनेंत या शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती. तींतील हजारों माणसें रोज सकाळीं लोकलच्या डब्यांत तासाहून अधिक वेळ उभीं राहून मुंबईस जातात, दिवसभर खुर्चीला खिळून बसतात, आणि रात्रीं तशींच उभ्यानें परत येतात. याच शहराच्या एका टोंकाला उत्तनच्या कोळणी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालत आल्या आहेत. दुसरीकडे खाडीकांठच्या मिठागरांत वांकून मीठ ओढणाऱ्यांच्या पिढ्या खपल्या आहेत. यांपैकीं कोणाचीही कंबर दुखत नाहीं असें घर शोधूं गेलें तर सांपडणें कठीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२० मध्यें जगांतील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. आणि हें दुखणें असें आहे कीं बहुधा त्याची खूण बाहेर दिसत नाहीं. ताप चढला तर कपाळ सांगतें, हाड मोडलें तर सूज सांगते. कंबरदुखीचें सांगावयाला दुखणाऱ्याच्या तोंडाखेरीज दुसरें साधन नसतें. तेव्हां या मिलिमीटरांचा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाहीं. दुखतें असें म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावयाचा किंवा नाहीं, हा घराघरांतला प्रश्न त्याच्या पोटीं आहे.

पडद्यावर आपणांस खरोखर काय दिसतें, याचा नीट विचार करावयाचा तर आपल्या नैयायिकांची मदत घेणें सोयीचें होईल. त्यांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पडद्याकडे पाहणाऱ्यास वाटतें कीं आपण स्नायूचें कार्य प्रत्यक्ष पाहत आहों. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असेंही तो म्हणेल. परंतु त्याला प्रत्यक्ष दिसते ती जाडी. कार्य हें तिच्यावरून केलेलें अनुमान आहे. आणि जाडी तरी प्रत्यक्ष कोठें आहे? तीही प्रतिध्वनींच्या हिशेबांतून आलेली. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे असें म्हणणें वेगळें, आणि मीं अग्नि पाहिला असें म्हणणें वेगळें. पहिल्यांत मनुष्य चुकूं शकतो हें तो जाणून असतो. दुसऱ्यांत तें विसरतो.

अनुमान कोठें चुकतें हेंही न्यायशास्त्रानें सांगून ठेवलें आहे. दुरून दिसणारें धुकें किंवा धूळ कोणी धूर समजला, तर हेतूच खोटा ठरतो. पोटाच्या स्नायूचेंही तसेंच आहे. श्वास सोडतांना तो जाड होतो; बसलेल्यापेक्षां उभ्या माणसांत त्याचें माप बदलतें; यंत्राची मूठ पोटावर जरा अधिक दाबली तरी आंकडा हलतो; शेजारच्या स्नायूनें रेटलें तरी हलतो. दुसरी चूक याच्या उलट. धूर असेल तेथें अग्नि असतो हें खरें. पण अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचें उदाहरण नैयायिक यासाठींच देतात: तेथें अग्नि आहे, धुराचा मागमूसही नाहीं. २००३ मध्यें हॉजेस यांनींच आपल्या सहकाऱ्यांसह तारा आणि सोनोग्राफी यांचीं मापें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. त्यांना आढळलें तें असें: स्नायु थोडेंसें काम करतो तोंपर्यंत त्याची जाडी कामाबरोबर झपाट्यानें वाढते, पण ती मजल ओलांडल्यावर काम वाढत गेलें तरी जाडी फारशी वाढत नाहीं. आणि सर्वांत वरच्या तिरप्या स्नायूच्या बाबतींत तर जाडी आणि काम यांचा भरंवशाचा मेळ त्यांना बसलाच नाहीं. म्हणजे लोखंडाचा गोळा येथेंही आहे. ज्यानें या विद्येला चालना दिली त्यानेंच तिची सीमा आंखून दिली, ही गोष्ट मला त्या पहिल्या शोधापेक्षांही अधिक आदरणीय वाटते.

पोटाच्या खोल हालचालींचें माप घेण्याची ही खटपट आपल्या महाराष्ट्राला अगदींच नवी नाहीं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ मध्यें लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापन केलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें पत्र सुरू केलें. उड्डियान आणि नौलि या क्रियांत पोटाच्या आंत काय घडतें हें जाणण्यासाठीं त्यांनीं क्ष-किरणांचा आणि दाब मोजण्याच्या नळीचा उपयोग केला. नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असें त्यांना आढळलें, आणि या पोकळीला त्यांनीं आपले गुरु माधवदास यांचें नांव दिलें. या नांव देण्यांत एक मोठें तत्त्व सांठविलेलें आहे असें मला वाटतें. कुवलयानंदांनीं यंत्र लाविलें तें गुरु खरें बोलतात कीं खोटें याची झडती घेण्यासाठीं नव्हे. गुरूला क्रिया साधली होती; तिचें कारण ठाऊक करून घ्यावयाचें होतें. साधकाचा अनुभव आधीं आणि माप त्याच्या मागोमाग, असा तो क्रम होता. मापानें अनुभवाचा अर्थ लाविला. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें नाहीं.

उड्डियानाचें उदाहरण आणखी एका कारणासाठीं घेण्याजोगें आहे. श्वास पुरता सोडून, गळा बंद करून, छाती फुगविण्याचा नुसता आव आणला कीं पोट वर आणि आंत ओढलें जातें, आणि त्या वेळीं पोटाचे स्नायु सैल असतात. उलट, फिजिओथेरपिस्ट सांगतो त्याप्रमाणें बेंबी कण्याकडे नेली तरी पोट आंतच जातें. पण तेथें स्नायु आकसलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळां आंत गेलेलें पोटच दिसतें. फरक करणाऱ्यालाच ठाऊक. तोच फरक गवयालाही ठाऊक असतो. भाईंदर पश्चिमेस असलेल्या सार्वजनिक रुग्णालयाला पंडित भीमसेन जोशी यांचें नांव दिलेलें आहे. ज्यांचा स्वर नाभीपासून येतो असें श्रोते म्हणत, त्यांना आपला श्वास पोटांत कोठें धरावयाचा हें कोणत्याही पडद्यानें दाखविलें नव्हतें. तें वर्षानुवर्षांच्या रियाझानें त्यांच्या अंगीं मुरलें होतें. आंतून जाणणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती बाहेरून पाहण्याच्या विद्येहून जुनी आहे.

येथून आपण नीतीच्या प्रांतांत प्रवेश करतों. माझ्या परिचयाच्या एका घरीं बाळंतपणानंतर सुनेची कंबर धरली. चांगलीं शिकलेलीं माणसें. औषधपाण्याला कोणी कमी केलें नाहीं. सगळ्या तपासण्या झाल्या, चित्रें निघालीं, आणि चित्रांत कांहीं निघालें नाहीं. त्या दिवसापासून घरांतली भाषा बदलली. "तुझी कंबर दुखते" याऐवजीं "तुझी कंबर दुखते असें तूं म्हणतेस" असें वाक्य होऊं लागलें. वाक्यांत तीन शब्दांची भर पडली, परंतु त्या तीन शब्दांनीं ती बाई घरांतून उठून जणूं न्यायालयांत जाऊन उभी राहिली. पुढें ती दुखण्याबद्दल बोलेनाशी झाली, आणि घरच्यांनीं तें दुखणें थांबल्याचें लक्षण मानलें. असा प्रसंग केवळ एकाच घरीं घडतो असें नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांना आपल्या आईचा, मावशीचा किंवा घरीं कामाला येणाऱ्या बाईचा चेहरा येथें आठवेल.

या घरच्या माणसांची चूक निर्दयतेची नव्हती. ती तर्काची होती. चित्रांत कांहीं दिसत नाहीं याचा अर्थ आंत कांहीं नाहीं असा त्यांनीं केला. म्हणजे धूर नाहीं म्हणून लोखंडाचा गोळा थंड आहे असें मानून त्याला हात लाविला, आणि भाजला तो मात्र दुसऱ्याचा. उलट दिशेचा पुरावाही उपलब्ध आहे. १९९४ मध्यें अमेरिकेंत कंबरदुखी मुळींच नसलेल्या ९८ माणसांच्या कण्यांचीं चुंबकीय चित्रें काढण्यांत आलीं. त्यांतील शेंकडा ५२ जणांत एका तरी मणक्याच्या चकतीला फुगवटा आढळला. चित्रांत दोष, आणि माणूस खुशाल! तेव्हां चित्र आणि वेदना यांच्यांत धूर आणि अग्नि यांच्याइतकाही पक्का संबंध नाहीं. वेदनेच्या बाबतींत चौथें प्रमाण, शब्द, हेंच शेवटीं उरतें. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगूं इच्छितो त्याचा. आपल्या लोकांनीं हेंच कमी शब्दांत सांगितलें आहे: ज्याचें जळतें त्याला कळतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. माणसें खोटें बोलतात. रजेसाठीं बोलतात, भरपाईसाठीं बोलतात, कामाच्या कंटाळ्यानें बोलतात. आणि खोटें बोलत नाहींत तेव्हांही स्वतःविषयीं चुकीचें सांगतात. शिवाय, ज्या स्नायूचें आपण बोलत आहों तो आपल्या पोटांत आहे हेंच मुळीं शंभरांतील नव्याण्णवांना ठाऊक नसतें. मग त्यांच्या शब्दाला आप्तवाक्य कसें म्हणावें? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्यानें माझें म्हणणें अधिक नेमकें करावयास मदत होते. माझें म्हणणें असें नाहीं कीं रोग्याला सर्व कळतें आणि यंत्राला कांहीं कळत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं दोन साक्षीदारांचा प्रांत वेगळा आहे. स्नायु जाड झाला कीं नाहीं, हें यंत्रानें सांगावें. तेथें रोग्याच्या समजुतीला किंमत नाहीं. दुखतें कीं नाहीं, हें रोग्यानें सांगावें. तेथें यंत्राला तोंड नाहीं. एका साक्षीदाराला दुसऱ्याच्या प्रांतांत बोलावयास लावलें कीं न्याय बिघडतो. लबाडी ओळखावयाची असेल तर तिला जुनीच साधनें आहेत: सहवास, विचारपूस, माणसाचें एकंदर वर्तन. तीं कष्टाचीं आहेत, आणि यंत्राचा मोह पडतो तो बहुधा हे कष्ट चुकविण्यासाठींच. शिवाय दोन चुका समान वजनाच्या नाहींत. लबाडावर विश्वास ठेवला तर चार दिवसांची रजा वायां जाते. खऱ्यावर अविश्वास ठेवला तर मनुष्य आपल्याच घरांत एकटा पडतो.

या यंत्राच्या बाबतींत आपल्या समाजाला अविश्वासाहूनही भयंकर अशा एका गोष्टीचा अनुभव आहे, आणि तिचा उल्लेख टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. सोनोग्राफीनें आपल्याला पोटांतलें मूल दाखविलें, आणि आपण, त्यांतही शिकल्यासवरलेल्या सुखवस्तु घरांनीं, त्या दर्शनाचा उपयोग पोटची मुलगी नाहींशी करण्यासाठीं केला. महाराष्ट्रानें १९८८ मध्यें गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशांतील पहिला कायदा केला. १९९४ मध्यें सर्व देशासाठीं कायदा झाला, तो १९९६ च्या आरंभीं अंमलांत आला आणि २००३ मध्यें अधिक कडक करण्यांत आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत १९९१ मध्यें ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्यें ९१३ आणि २०११ मध्यें ८९४ झाल्या. हे आंकडेही मापेंच आहेत; फक्त हीं मापें आपल्या पोटाचीं नसून आपल्या काळजाचीं आहेत.

या कायद्याचा परिणाम असा झाला आहे कीं आपल्या देशांत सोनोग्राफीचें यंत्र नोंदलेल्या जागेखेरीज कोठें ठेवतां येत नाहीं, आणि नोंदणी नसलेल्याला तें विकतां येत नाहीं. त्यामुळें ज्याला केवळ कंबरेचे स्नायु पाहावयाचे आहेत अशा फिजिओथेरपिस्टाला तें सहजासहजीं हातीं येत नाहीं. परदेशांत जें यंत्र व्यायामशाळेच्या कोपऱ्यांत ठेवतां येतें त्याच्यावर येथें पहारा आहे. निरपराध उपयोगाला ही शिक्षा कां, अशी तक्रार या विषयांतले लोक करतात, आणि शास्त्रापुरती ती खरी आहे. परंतु तिचें उत्तर यंत्रांत नाहीं, आपल्या इतिहासांत आहे. प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर येथें गर्भाचें लिंग सांगितलें जात नाहीं अशी पाटी लावणें कायद्यानें बंधनकारक आहे. या पाटीकडे आपण रोजच्या संवयीनें दुर्लक्ष करतों; पण तिचा अर्थ फार खोल आहे. दिसत असूनही न सांगण्याचें कर्तव्य असूं शकतें, आणि ज्ञान झालें म्हणजे त्याच्या उपयोगाचा अधिकारही आपोआप मिळाला असें होत नाहीं, हा सिद्धान्त आपण कायद्याच्या भाषेंत भिंतीवर लिहून ठेवला आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत पंचवीस वर्षें शिकवूनही इतकें स्पष्ट वाक्य मला फळ्यावर क्वचितच लिहितां आलें.

तेव्हां दुसऱ्याच्या शरीराच्या आंत पाहण्याचा अधिकार कोठून येतो? केवळ कुतूहलांतून येत नाहीं, आणि केवळ सामर्थ्यांतूनही येत नाहीं. ज्याच्या शरीरांत आपण पाहतों त्याच्या हितांतून तो येतो, आणि त्या हिताची जेथें सीमा, तेथेंच त्या अधिकाराचीही सीमा. न जन्मलेल्या मुलीच्या बाबतींत ही सीमा ओलांडली गेली तेव्हां जीव गेला. कंबर दुखणाऱ्या सुनेच्या बाबतींत ओलांडली गेली तेव्हां शब्द गेला. दोहोंचें पाप सारखें आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु दोहोंचें मूळ एकच: पडद्यावर जें दिसलें तें माणसाहून अधिक खरें मानण्याची वृत्ति.

या कसोटीवर पाहिलें असतां स्नायु मोजण्याच्या या विद्येचा जो उत्तम उपयोग आहे तो मला मोठा आश्वासक वाटतो. त्यांत पडद्याचें तोंड तज्ज्ञाकडे नसून रोग्याकडे असतें. "हळूच पोट आंत घ्या, श्वास कोंडूं नका," असें फिजिओथेरपिस्ट सांगतो. आणि जी गोष्ट जन्मापासून आपल्याच अंगांत अंधारांत पडलेली होती ती एक काळसर पट्टी होऊन रोग्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू जाड होते. आठ-दहा वेळां पाहिल्यावर तो डोळे मिटून तेंच करून पाहतो. मग चालतांना करतो, ओझें उचलतांना करतो, गाडींत उभा असतांना करतो. एके दिवशीं त्याला पडदा लागत नाहीं. येथें यंत्रानें रोग्याच्या शब्दाची जागा घेतली नाहीं. त्याच्या अनुभवांत भर घातली आणि आपण बाजूला झालें. मुलाला सायकल शिकवितांना मागें धरलेला हात केव्हां सोडावयाचा हें ज्याला कळतें तोच खरा शिकविणारा.

येथेंही अतिशयोक्ति नको. या एका स्नायूला साऱ्या कंबरदुखीचा कारभारी ठरविण्याचा उत्साह एके काळीं फार होता. तो पुढें ओसरला. २०१६ मध्यें कॉक्रेन या संस्थेनें असल्या खास व्यायामांवरील प्रयोगांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यांत इतर व्यायामांच्या मानानें यांचा विशेष लाभ आढळला नाहीं. कांहींच न करण्यापेक्षां मात्र ते बरे ठरले. म्हणजे अंग हलविणें महत्त्वाचें. कोणता स्नायु किती मिलिमीटर फुगला हें त्या मानानें गौण. मापाच्या अभिमान्यांनीं हें मोकळ्या मनानें मान्य करावें, आणि मापाच्या विरोधकांनींही यांत फार आनंद मानूं नये. कारण माप फसवें कोठें आहे हेंही अखेर मापूनच कळलें.

आपल्या काळांत अशीं यंत्रें वाढतच जाणार आहेत. आज स्नायूची जाडी, उद्यां झोपेची खोली, परवां मनांतल्या चिंतेचा आलेख. प्रत्येक घरांत कोणीतरी कोणाचें तरी अंतरंग पडद्यावर पाहूं लागेल. त्या वेळीं पडद्यावरचें वाचण्याची विद्या पुष्कळांना येईल. परंतु पडदा कांहींही म्हणो, शेजारीं बसलेल्या माणसाला "कोठें दुखतें, सांग" असें विचारून त्याचें उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेण्याची विद्या विसरतां कामा नये. कारण पोटांत शिरण्याचा तो रस्ता अजूनही उघडा आहे, आणि त्या रस्त्यानें जाण्यासाठीं समोरच्यानें आपण होऊन दार उघडावें लागतें.